विश्लेषण : तलावाकाठी पेव्हर ब्लॉक नको, मुरमाची वाट हवी! मुरूमसारख्या गावात संध्याकाळी एकट्याने चालायला जागा का लागते?

जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. त्यामुळे तलावाकाठची बाभळी-लिंबाची झाडी हेच इथले रान. तिथे संध्याकाळी अर्धा तास एकट्याने चालता यावे, ही मागणी चैनीची वाटते. पण तिचा संबंध आरोग्याशी, पाण्याशी आणि गावाच्या सामाईक जमिनीशी आहे.

डिसेंबरची संध्याकाळ. उमरगा तालुक्यातील मुरूममध्ये सूर्य साधारण पावणेसहा ते सहाच्या दरम्यान मावळतो. साडेपाचला दुकानाचे शटर अर्धे ओढून, शाळेतून परत येऊन किंवा शेतातली मोटार बंद करून एखाद्याला वाटले, की अर्धा तास कुणाशी न बोलता चालावे, तर तो जाणार कुठे? मोड रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. बाजारपेठेत दर दहा पावलांवर ओळखीचा माणूस भेटतो आणि 'काय, कुठं निघालात?' विचारतो. शाळेच्या मैदानावर क्रिकेट चालू असते. उरतो तो गावाबाहेरचा तलाव, त्याच्या कडेची बाभळीची आणि लिंबाची झाडी आणि तिच्यातून गुराढोरांनी पाडलेली पायवाट.

अशी पायवाट उमरगा, लोहारा, तुळजापूर भागातल्या बहुतेक गावांजवळ कुठे ना कुठे असते. तिला नाव नसते, फलक नसतो, पर्यटनाच्या यादीत ती नसते. तरीही ती राखली पाहिजे आणि ती 'सुधारण्या'च्या नावाखाली बिघडू नये. का, ते समजून घेण्यासाठी आधी जिल्ह्याचा नकाशा पाहावा लागेल.

धाराशिवमध्ये जंगल आहे तरी किती?

जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे 7,569 चौरस किलोमीटर. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांनुसार यातले वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी आहे. शेजारच्या लातूरची स्थिती याहून वाईट. राज्याची सरासरी साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहे, तर 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणाने देशासाठी ठेवलेले उद्दिष्ट एक-तृतीयांश भूभागाचे. जिल्ह्यातले नाव घेण्यासारखे जंगल म्हणजे येडशी रामलिंग घाट अभयारण्य. 1997 मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र अवघे 22.38 चौरस किलोमीटर आहे, आणि ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. मुरूमच्या माणसाने संध्याकाळी पायी फिरून घरी परत यावे असे ते ठिकाण नाही.

म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याला राहणाऱ्याला 'रानात जाऊन येतो' म्हणणे जितके सोपे, तितके ते मराठवाड्याच्या या टोकाला नाही. इथे रान म्हणजे गायरानाचा तुकडा, ओढ्याकाठची शिंदी-करंजाची रांग, सामाजिक वनीकरणाने लावलेली झाडे आणि तलावाच्या फुगवट्याच्या कडेने आपोआप उगवलेली बाभूळ, हिवर, बोर, वेडी बाभूळ. वन खात्याच्या व्याख्येत यातले बरेचसे 'जंगल' ठरणारही नाही. पण संध्याकाळी परतणाऱ्या बगळ्याला व्याख्या ठाऊक नसते, आणि दिवसभर थकलेल्या माणसालाही तिची गरज नसते.

तलाव आले कुठून?

या भागात मोठ्या नद्या कमी. मुरूम परिसरातली बेनितुरा नदी पुढे कर्नाटकात जाते. पावसाचा भरवसा नाही. म्हणून पाणी अडवण्याचे काम इथे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. जुनी गावतळी होतीच. 1972 च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर महाराष्ट्रात हजारो पाझर तलाव खोदले गेले. आज ज्या बांधावर कुणी संध्याकाळी उभे राहते, तो बांध कदाचित त्याच्या आजीने डोक्यावर पाटी घेऊन घातलेल्या मातीचा असेल. अलीकडे 24 एप्रिल 2022 रोजी केंद्राने अमृत सरोवर मोहीम सुरू केली. प्रत्येक जिल्ह्यात 75 तलाव, प्रत्येक तलाव किमान एक एकराचा आणि सुमारे 10,000 घनमीटर साठ्याचा, आणि काठावर लिंब, पिंपळ, वड अशी झाडे, असे तिचे स्वरूप आहे.

पाझर तलावाचे कामच पाणी जमिनीत मुरवण्याचे. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चनंतर यातले अनेक तलाव तळ दाखवू लागतात. संध्याकाळच्या वाटेचे रूपही त्याबरोबर बदलते. भाद्रपदात जिथे पाणी पायाला लागते, तिथे चैत्रात भेगाळलेला गाळ असतो. त्याच वाटेने वर्षभर जाणाऱ्याला पाण्याची पातळी सांगायला सरकारी आकडेवारी लागत नाही.

अर्ध्या तासात असे काय घडते?

दोन किलोमीटरचे अंतर सपाट रस्त्यावर पंचवीस-तीस मिनिटांचे. ओबडधोबड पायवाटेवर चाळीस मिनिटांचे. यात कसले गिर्यारोहण नाही, की घाम गाळणारा व्यायामही नाही. पण सूर्यास्ताआधीची पंधरा मिनिटे आणि नंतरची वीस-पंचवीस मिनिटे हा तलावावरचा सर्वांत गजबजलेला काळ असतो. गजबज माणसांची नव्हे, इतकेच.

आधी परततात बगळे, पाण्यावरून रांगेने. मग साळुंक्या आणि पोपट झाडांवर जागेसाठी भांडतात. हा गोंगाट दहा-पंधरा मिनिटे टिकतो आणि कुणी बटण दाबावे तसा थांबतो. टिटवी चाहूल लागली की ओरडत उठते. पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या बाभळीच्या फांद्यांना सुगरणीची घरटी लटकलेली दिसतात. हिवाळ्यात पाणी टिकलेल्या तलावांवर चक्रवाकाच्या जोड्या उतरतात. उजेड गेला की वटवाघळे पाण्यावर झेपा घेतात, पिंगळा बोलतो, आणि जमिनीवर बसलेला रातवा ठोक्यावर ठोका द्यावा तसा आवाज काढू लागतो. तो दिसत नाही. फक्त ऐकू येतो.

यातल्या अनेक पक्ष्यांना मराठी नावाने ओळखण्याची सवय मराठी वाचकाला लावली ती मारुती चितमपल्ली यांनी. 1932 मध्ये सोलापुरात जन्मलेले, वन खात्यात आयुष्य घालवलेले आणि 'पक्षिकोश' सिद्ध करणारे चितमपल्ली 18 जून 2025 रोजी सोलापुरातच गेले. मुरूमचा माणूस ज्या सोलापूरला दवाखान्यासाठी, खरेदीसाठी जातो, त्याच शहराचा हा माणूस. त्यांनी आयुष्यभर जे केले त्याचा पहिला धडा साधा होता : गप्प राहून चालणे आणि पाहणे.

पण एकट्यानेच का?

सोबत माणूस असला की बोलणे होते, आणि बोलणे सुरू झाले की रान गप्प होते. हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. लहान गावात एकांत ही दुर्मीळ गोष्ट आहे. घरात दोन-तीन पिढ्या, शेजाऱ्याची भिंत आपलीच, दुकानात गिऱ्हाईक, शेतात गडी, आणि आता खिशातल्या फोनवर गावाचे, भावकीचे, पक्षाचे, शाळेचे असे डझनभर ग्रुप. स्पर्धा परीक्षेचा दुसरा-तिसरा प्रयत्न हुकलेला तरुण, सोयाबीनचा भाव पडल्याने हिशेब न जुळणारा शेतकरी, घरात आजारपण असलेला कुणी. यातल्या प्रत्येकाला कुणी 'काय झालं?' न विचारता थोडा वेळ हवा असतो. शहरात अशा माणसाला बागेतला बाक मिळतो. गावात एकटा बसलेला माणूस दिसला की लोक काळजीने जवळ येतात. चालणाऱ्या माणसाला मात्र सहसा कुणी अडवत नाही. चालणे हा एकटे राहण्याचा गावाने मान्य केलेला मार्ग आहे.

अर्थात, चालणे हा औषधोपचार नाही. ज्याला झोप लागत नाही, जगण्यात रस उरलेला नाही असे वाटते, त्याने डॉक्टरकडे जायला हवे. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही 14416 क्रमांकाची सेवा मोफत आहे. पण सगळ्या थकव्याला दवाखाना लागत नाही.

विज्ञान काय सांगते?

जपानच्या वन खात्याने 1982 मध्ये 'शिनरिन-योकू' हा शब्द रूढ केला. अर्थ, जंगलात न्हाणे. झाडीत सावकाश, हेतूविना वेळ घालवणे एवढेच त्यात अपेक्षित आहे. 2015 मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही लोकांना नव्वद मिनिटे झाडीतून आणि काहींना वर्दळीच्या रस्त्याकडेने चालायला लावले. झाडीतून चाललेल्यांमध्ये तेच ते नकारात्मक विचार घोळवत राहण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले. 2019 मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या पाहणीत आठवड्याला एकूण 120 मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. ही 120 मिनिटे एकदम घालवली की तुकड्या-तुकड्यांनी, याने फरक पडला नाही.

हे आकडे परदेशातले आहेत आणि ते कार्यकारणभाव सिद्ध करत नाहीत, हे लक्षात ठेवायला हवे. तब्येत बरी असलेला माणूसच जास्त फिरत असेल, अशीही शक्यता असते. पण हिशेब सोपा आहे. दोन तास म्हणजे आठवड्यातून चार संध्याकाळी अर्धा-अर्धा तास. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. त्यातलाही मोठा भाग यातच भरून निघतो. त्यासाठी जिमची फी नको की महागडे बूट नकोत. लागते ती फक्त जागा.

मग सुशोभीकरणाला विरोध का?

कारण तलावाकडे निधी आला की त्याचा साचा ठरलेला असतो. काठाला काँक्रीटची भिंत, तिच्यावर रंग, खाली पेव्हर ब्लॉक, दर वीस फुटांवर पांढरा प्रखर एलईडी, मध्ये कारंजे, 'आय लव्ह' असे इंग्रजी अक्षरांचे फलक आणि सेल्फी पॉइंट. झुडपे 'अस्वच्छ' दिसतात म्हणून ती आधी जेसीबीने साफ होतात. उद्घाटनाच्या दिवशी फोटो उत्तम येतात. दोन वर्षांनी अर्धे दिवे बंद, ब्लॉक उखडलेले आणि कारंज्यात प्लास्टिक, हे चित्र राज्यातल्या कुठल्याही लहान शहरातल्या वाचकाला अनोळखी नाही.

बिघाड फक्त देखभालीचा नाही. काठावरची झुडपे आणि गवत वाहून येणारा गाळ अडवतात. ती काढली की तलाव लवकर भरतो आणि मग गाळ काढायला पुन्हा निधी लागतो. काँक्रीटच्या उभ्या काठावर चिखलात चोच घालून खाणाऱ्या पक्ष्यांना उतरायला जागा राहत नाही. रात्रभर जळणारे दिवे कीटकांना ओढून घेतात, काही जातीच्या वटवाघळांना हुसकावतात आणि पक्ष्यांचे झोपेचे वेळापत्रक मोडतात. नवी मुंबईत 2024 मध्ये फ्लेमिंगोंचे मृत्यू झाले, तेव्हा पाणथळीजवळच्या प्रखर दिव्यांचा प्रश्न पक्षीप्रेमींनी ठळकपणे मांडला. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरच्या सलीम अली सरोवराच्या बाबतीतही सुशोभीकरण की पक्ष्यांचा अधिवास, हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि उच्च न्यायालयापर्यंत गेला.

गावाच्या तलावाला फ्लेमिंगोंचे वलय नाही, म्हणून त्याच्यासाठी कुणी न्यायालयात जाणार नाही. तिथला निर्णय नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या बैठकीत होतो. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात झाडी हा 'अडथळा' असतो आणि शांतता हा बाबच नसतो. म्हणूनच हा विषय बैठकीआधी बोलला गेला पाहिजे.

मुरमाच्या वाटेचा हिशेब काय?

गावाचे नाव मुरूम आणि वाट पेव्हर ब्लॉकची, हा विनोद टाळता येण्यासारखा आहे. पाच फूट रुंद, एक किलोमीटर म्हणजे सुमारे 3,280 फूट लांब वाटेवर सहा इंच जाडीचा मुरूम टाकायचा, तर 8,200 घनफूट मुरूम लागतो. शंभर घनफुटांचा एक ब्रास धरला, तर 82 ब्रास. पाणी मारून रोलर फिरवला की वाट तयार. ती पाणी मुरू देते, तापत नाही, पायाला मऊ लागते आणि उखडली तर दोन मजूर एका दिवसात दुरुस्त करतात. पेव्हर ब्लॉकला लागणारा खर्च याच्या कितीतरी पट असतो, हे कुठल्याही कनिष्ठ अभियंत्याला ठाऊक आहे.

चार पथ्ये मात्र पाळावी लागतील.

पहिले, तलावाचा मातीचा बांध हा बगीचा नव्हे. त्यावर मोठी झाडे लावू नयेत. मुळे खोल जातात, झाड वाळल्यावर त्या जागी पोकळी राहते आणि तिथून पाणी पाझरून बांधाला धोका होतो. वाट बांधावरून न्यायची असेल तर तलाव ज्या खात्याचा आहे त्याची परवानगी हवी. झाडे लावायची ती पाणलोटाच्या बाजूला, फुगवट्याच्या वर.

दुसरे, दिवे फक्त वाटेच्या तोंडाशी, खाली झुकलेले आणि पिवळसर. आतली झाडी अंधारीच राहू द्यावी.

तिसरे, निदान एका बाजूचा काठ माणसांपासून पूर्ण मोकळा. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. उन्हाळ्यात वाट सोडून आत शिरणारा माणूस नकळत ती चिरडतो. वाट आखून दिली तर माणूस आणि पक्षी दोघांचेही भागते.

चौथे, स्पीकर नको. वाढदिवसाचे केक कापायला गावात इतर जागा आहेत.

साप, बिबट्या, वाघ : भीती खरी किती?

भीती सगळी खोटी नाही. भारतात 2000 ते 2019 या काळात दरवर्षी सरासरी 58,000 माणसे सर्पदंशाने दगावल्याचा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. घोणस आणि मण्यार अंधार पडल्यावर अधिक फिरतात. त्यामुळे चप्पल नव्हे, बंद बूट; हातात काठी; आणि सूर्य मावळल्यावर पायापुढे टॉर्चचा उजेड, हे नियम तडजोडीचे नाहीत. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे आणि मांत्रिकाकडे नेणे, या चारही गोष्टी जीव घालवणाऱ्या आहेत. दंश झालेला अवयव हलवू न देता, 108 ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठणे हाच उपाय.

दुसरा धोका पाण्याचा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत 2017 पासून राज्यातल्या अनेक तलावांतून गाळ काढला गेला. साठा वाढला, शेतात सुपीक माती गेली. पण यंत्राने गाळ काढलेल्या ठिकाणी तळाशी उभे खड्डे राहतात, आणि पाणी आल्यावर ते दिसत नाहीत. वरून उथळ वाटणारा काठ दोन पावलांवर पुरुषभर खोल असू शकतो. एकट्या माणसाने पाण्यात उतरू नये, पोहता येत असले तरी.

आणि वाघ? डिसेंबर 2024 मध्ये येडशी रामलिंग अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, तेव्हा जिल्ह्याला धक्का बसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत तो इथवर आला होता. तोही एकटाच. जंगल नसलेल्या प्रदेशातून तो आला कसा? ओढे, नाले, उसाचे फड, गायराने आणि तलावाकाठची झाडी यांच्या आधाराने. ज्या तुकड्यांना सरकारी कागद जंगल मानत नाही, त्यांनाच वन्यप्राणी वाट मानतात. वन खात्याने वाघ किंवा बिबट्याबाबत इशारा दिला असेल, तर त्या काळात संध्याकाळची फेरी बंद ठेवणे हेच शहाणपण. ठसे दिसले तर 1926 या वन खात्याच्या क्रमांकावर कळवावे. मात्र एरवी गावाशेजारच्या झाडीत भेटतो तो ससा, मुंगूस, खोकड आणि फार तर दुरून पाहणारा कोल्हा. पाळीव किंवा भटक्या कुत्र्यांच्या टोळीचा त्रास त्यांच्यापेक्षा जास्त असतो, आणि काठी मुख्यतः त्यासाठीच हवी.

महिलांचे काय?

इथे या सगळ्या युक्तिवादाची खरी परीक्षा आहे. 'अर्धा तास एकटे चालून यावे' हे वाक्य आजच्या घडीला बहुतेक गावांत पुरुषासाठीच खरे आहे. संध्याकाळी बाईला घरात स्वयंपाक असतो. आणि ती निघालीच, तर तलावाकडे एकटी का गेली, हा प्रश्न तिच्या आधी घरी पोहोचतो. 3 ऑक्टोबर 2024 च्या रात्री पुण्याजवळच्या बोपदेव घाटात झालेल्या सामूहिक अत्याचारासारख्या घटना घडल्या, की पहिला सल्ला 'जाऊ नका' असाच येतो. या सल्ल्याने वाट आणखी ओस पडते, आणि ओस वाट अधिक असुरक्षित होते.

सगळीकडे फ्लडलाइट लावणे हे याचे उत्तर मानले जाते. पण प्रखर उजेडाच्या कडेला अंधार अधिक गडद दिसतो, आणि उजेड असूनही माणूसच नसेल तर तो उपयोगी पडत नाही. सुरक्षितता येते ती नेहमीच्या वावराने. वाटेच्या तोंडाशी चहाची टपरी असावी, समोरचे दिसेल इतकी झुडपे वाटेच्या दोन्ही बाजूंनी छाटलेली असावीत, दारू पिऊन बसणाऱ्यांना तिथून उठवणारी पोलिसांची फेरी सहा ते सातच्या दरम्यान व्हावी, आणि पन्नास पावलांच्या अंतराने का होईना, इतर माणसे चालत असावीत. एकटे चालणे आणि एकाकी असणे यात हाच फरक आहे. वाट आखण्यापूर्वी नगरपरिषदेने गावातल्या महिलांना, महाविद्यालयीन मुलींना ती चालून पाहायला सांगावे आणि 'कुठे पाऊल अडखळले?' एवढेच विचारावे. त्या उत्तरांवरून आखलेली वाट सगळ्यांसाठीच सुरक्षित होईल.

फोन घ्यावा की घरी ठेवावा?

घ्यावा, पण खिशात. निघताना घरच्या एका माणसाला 'कुठे चाललो, किती वाजता परत' एवढा संदेश पाठवावा. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तासांसाठी देता येते. मात्र त्याला नेट लागते आणि तलावाच्या खोलगट भागात नेट जाते. फोनमधल्या जीपीएसला नेट लागत नाही. परिसराचा नकाशा आधी उतरवून ठेवला तर आपण कुठे आहोत ते रेंज नसतानाही दिसते. आणीबाणीसाठी 112. बॅटरी निम्मी असावी, कारण टॉर्चही तोच. इअरफोन मात्र घरी ठेवावेत. कुत्र्याची चाहूल, मागून येणारी दुचाकी आणि रातव्याचा आवाज, तिन्ही कानानेच कळतात.

वेळेचा हिशेबही सोपा आहे. इथे डिसेंबरच्या मध्यात सूर्यास्त सहाच्या थोडा आधी आणि जूनमध्ये सातच्या आसपास होतो. त्यानंतर साधारण वीस-पंचवीस मिनिटे पुरेसा संधिप्रकाश असतो. सूर्य मावळताना वाटेच्या अर्ध्यावर असावे, म्हणजे उजेड असेपर्यंत गावाच्या पहिल्या दिव्यापाशी पोहोचता येते.

शेवटी राखणदार कोण?

राज्याने 2016 ते 2019 या चार वर्षांत वृक्षलागवडीचे अनुक्रमे 2, 4, 13 आणि 33 कोटींचे संकल्प सोडले. खड्डे खोदले गेले, रोपे लागली, फोटो निघाले. त्यातली किती जगली, हे सांगू शकेल असा माणूस गावोगाव किती आहे? ज्याची रोजची वाट त्या झाडांवरून जाते, तोच ते सांगू शकतो. गायराने आणि तळी या गावाच्या सामाईक जमिनी आहेत, त्यांवरची अतिक्रमणे हटवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग प्रकरणात स्पष्ट केले. पण कायदा तक्रारीवर चालतो आणि तक्रार करायला आधी दिसावे लागते. काल उभी असलेली बाभूळ आज तोडलेली आहे, तलावात रात्री कुणीतरी टँकर रिकामा केला आहे, फुगवट्यात कुंपणाचे खांब चार फूट पुढे सरकले आहेत. हे उपग्रहाला उशिरा दिसते, तलाठ्याला वर्षातून एकदा दिसते आणि रोज संध्याकाळी एकट्याने चालणाऱ्याला त्याच दिवशी दिसते.

म्हणून मागणी मोठी नाही. 82 ब्रास मुरूम, तोंडाशी चार दिवे, एक पोलीस फेरी, आणि झाडीला हात न लावण्याचा ठराव. एवढे झाले तर मुरूमच्या माणसाला, आणि बाईलाही, दिवसातला अर्धा तास स्वतःचा मिळेल आणि तलावाला पगाराशिवाय राखणदार मिळतील. पुढच्या बैठकीत तलावाच्या 'सुशोभीकरणा'चा विषय आला, तर नगरसेवकांनी अंदाजपत्रकावर सही करण्याआधी एक काम करावे : गाडी गावातच ठेवून, एका संध्याकाळी, एकट्याने तिथपर्यंत चालत जाऊन यावे.